डेल्फियाच्या झाडाचा पत्ता

टर्की रनच्या खोऱ्यात कुणालाही काहीही विचारलेलं चालतं. पोट कशासाठी कापलं, दात स्वतःचे की बसवलेले, धाकटी सून माहेरी का जाऊन बसली आहे, काहीही. लोक सांगतात, आणि नाही विचारलं तर घरी येऊन सांगतात. एकच प्रश्न तेवढा विचारायचा नसतो. तुम्ही पॉपॉ कुठून आणता, हे विचारायचं नाही.

पॉपॉ म्हणजे पपई नव्हे. हे सीताफळाच्या भावकीतलं रानफळ. बाहेरून ठेंगण्या हिरव्या आंब्यासारखं, आत सायीसारखा पिवळा गर, आणि गरात चिंचोक्याहून मोठ्या, चपट्या, काळपट बिया. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत ओढ्याकाठच्या सावलीत ते आपलं आपण वाढतं आणि सप्टेंबरात जेमतेम अडीच आठवडे पिकतं. हातानं तोडावं तर कच्चं निघतं. पडेपर्यंत थांबावं तर रानातले रॅकून आधीच पंगत उरकून गेलेले असतात. घरी आणलं तर तिसऱ्या दिवशी काळं. दुकानापर्यंत ते पोचतच नाही, त्यामुळे ज्याला जागा ठाऊक तोच खातो, आणि ज्याला जागा ठाऊक तो सांगत नाही. लोक गाडी दोन मैल अलीकडे उभी करतात. चर्चचे एक वयस्कर कारभारी दर सप्टेंबरात मासे धरायला जातो म्हणून सांगतात आणि गळ घरी विसरतात. त्यावर कुणी काही बोलत नाही. ही खोऱ्यातली रीत आहे, आणि ती घराच्या आतही पाळली जाते. नवऱ्यानं बायकोला विचारायचं नाही, बायकोनं नवऱ्याला विचारायचं नाही.

वेटमन कोगरनं ही रीत एवढी पाळली, की शेवटी ती त्याच्या गुडघ्यांवर आली.

वेटमन लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झालेला. उंच, जरासा वाकलेला, बोलायला सावकाश. डाव्या हाताचं अर्धं बोट गिरणीच्या करवतीनं नेलं. उरलेल्या अर्ध्या बोटानं तो आजही लोकांना उपदेश करतो. त्याची बायको डेल्फिया शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गोल, बुटकी, आणि इतकी बोलकी, की तिच्या रांगेत उभ्या पोरांचं सूप हातात येईपर्यंत गार व्हायचं. पण सप्टेंबर आला, की एके दिवशी ही बाई पिठाच्या दोन रिकाम्या पिशव्या काखेत मारायची, "येते हं," म्हणायची आणि निघायची. अडीच तासांनी दोन्ही पिशव्या भरून परत. दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या सात घरांच्या दाराच्या मुठीला पॉपॉची एकेक पुडी लटकलेली असायची, आणि कोगरांच्या घरात भट्टीतल्या पुडिंगचा असा वास सुटायचा की टपालवाला पत्र नसतानाही थांबायचा.

कुठून आणलेस, हे वेटमननं तीस-एक वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्याला त्याचा अभिमान होता.

खरं तर त्याच्या स्वतःच्या घरामागेही पॉपॉची राई होती. चाळीसेक खोडं, दाट, देखणी. एप्रिलमध्ये काळपट लाल दारूच्या रंगाची फुलं खाली माना घालून लागायची. आणि फळ एक नाही. इकडे अशा राईला लोक 'गडीझाडं' म्हणतात आणि सोडून देतात. वेटमन सोडणाऱ्यातला नव्हता. पॉपॉच्या फुलावर मधमाशी येत नाही, माशा येतात, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून दर एप्रिलमध्ये तो माशांना आमंत्रण द्यायचा. कोंबडीची कातडी, माशांची डोकी, एकदा तर रस्त्यावर गाडीखाली आलेलं एक अख्खं ऑपॉसम, मांजराएवढं रानजनावर, त्यानं सुतळीनं फांद्यांना टांगलं. माशा आल्या, हे खरं. साऱ्या खोऱ्याच्या आल्या. एकदा पाद्री जेवायला आले होते. त्यांनी रुमाल नाकाला लावून खिडकीकडे पाहिलं, तेव्हा डेल्फिया शांतपणे म्हणाली, "काही नाही, आमच्या ह्यांची शेती चाललीय."

तीन हिवाळ्यांपूर्वी डेल्फिया गेली. फेब्रुवारीत, ओट्यापाशी, कांदा चिरता चिरता. चर्चच्या वरच्या उतारावर तिला ठेवलं. दगड बसवला, नाव कोरलं. पण वेटमनचं समाधान होईना. दगड काय, सगळ्यांनाच असतो. त्याच्या मनानं एकच घेतलं: डेल्फिया ज्या झाडाची फळं आणायची, त्याच झाडाचं बी तिच्या उशाशी लावायचं. एक पिकलं फळ मिळालं तरी पुरे होतं.

आणि ते झाड कुठं होतं, हे ती सांगून गेली नव्हती.

पहिल्या सप्टेंबरात वेटमननं हिशेब मांडला. अडीच तासांतून फळं गोळा करायला अर्धा तास वजा. डेल्फिया म्हणजे वाटेत कुणाशी तरी बोलणार, त्याचा आणखी अर्धा तास वजा. उरला दीड. म्हणजे जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. त्यानं तालुक्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, आपल्या घरावर तिची पुडिंग भाजायची गोल थाळी उपडी ठेवली आणि पेन्सिल फिरवली. झाड ह्या गोलात, असं तो ठामपणे म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

मग तो गोल त्यानं पायांनी तपासायला घेतला. पहिल्या वर्षी उत्तरेचा डोंगर. तिथं गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं. दुसऱ्या वर्षी पूर्वेच्या घळी. तिथं कुणीतरी टाकून दिलेला फ्रिज सापडला, आणि दुसऱ्या दोन माणसांच्या पॉपॉच्या जागा सापडल्या. त्यातल्या एका जागेवर ते चर्चचे कारभारीच गुडघ्यांवर बसलेले होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं, टोप्या उचलल्या आणि काही न पाहिल्यासारखे आपापल्या वाटेनं गेले. तिसऱ्या वर्षी दक्षिणेच्या उतारावर वेटमनचा उजवा गुडघा फिरला आणि तो काठीवर आला.

ऑटीमावशीच्या दुकानापुढच्या बाकावरून हे सगळं दिसायचं. ऑटी प्रंटी एक्क्याऐंशी वर्षांची. बियाणं, कोंबड्यांचं खाद्य, खिळे आणि बातम्या हे सगळं तिच्याकडे मिळतं. आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान असलेलेसुद्धा. तिच्या बाकावर डोर्सी टॅनर बसलेला असतो. त्याला दुसरं काम असल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

"आज कुठली दिशा, वेटमन?" डोर्सी विचारायचा.

"फिरायला चाललोय."

"फिर, फिर. डॉक्टर म्हणतातच, चालणं चांगलं. काट्यांतून चाललं तर आणखीच चांगलं."

"डोर्सी, तू बूड हलव जरा. बाकाला मूळ फुटेल."

खरी गंमत वेगळीच होती. डेल्फिया कुठं जायची, हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावरच्याच काय, अख्ख्या टर्की रनला ठाऊक होतं. आंधळी मिसेस हॅकरसुद्धा डेल्फियाच्या पावलांच्या आवाजावरून सांगायची, आज सप्टेंबरातला तो दिवस म्हणून. तीन वर्षं त्यांनी एका लंगडणाऱ्या म्हाताऱ्याला भलत्या डोंगरांवर चढताना पाहिलं, हळहळले, त्याच्या घरी सूप नेऊन दिलं, मलम नेऊन दिलं. सांगितलं मात्र नाही. दुसऱ्याची जागा सांगायची नसते. माणूस मेला म्हणून काय झालं?

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये चर्चसाठी जुने कपडे गोळा करणारे येणार होते, तेव्हा वेटमननं शेवटी डेल्फियाचा गोठ्यात घालायचा जाडा कोट खुंटीवरून काढला. खिसे रिकामे करताना हाताला एक तपकिरीची डबी लागली. वेटमन खुर्चीत बसला. बेचाळीस वर्षं संसार केला आणि बाई चोरून तपकीर ओढत होती? त्यानं झाकण उघडलं. आत एक रंगाचा बारीक ब्रश होता, पोरं शाळेत वापरतात तसला, आणि तळाला फिक्या पिवळ्या पुडीचा थर. त्यानं वास घेतला. शिंक आली नाही.

तो तडक ऑटीमावशीच्या दुकानात गेला. डोर्सी बाहेर बाकावर होता, त्यानं कान आत पाठवला.

"मावशी, ही कसली तपकीर?"

ऑटीमावशीनं चष्मा चढवला, डबी उघडली, ब्रश पाहिला, आणि तोंडावर हात ठेवला. खांदे हलत होते.

"हसताय काय? माझी बायको ओढत होती का ही?"

"अरे वेड्या, ही तपकीर नव्हे. फुलातली पूड आहे. पॉपॉच्या."

"मग ब्रश कशाला?"

"ह्या फुलातली त्या फुलाला लावायला. तुझी राई आहे ना मागं, चाळीस खोडांची? ती चाळीस झाडं नाहीत. एकच झाड आहे ते, जमिनीखालून पाय पसरलेलं. स्वतःची पूड स्वतःला चालत नाही त्याला. परक्या राईतली लागते."

वेटमनला हे समजायला जरा वेळ लागला. त्याच्या डोळ्यांपुढून तीस वर्षांची कोंबडीची कातडी गेली.

"म्हणजे ते ऑपॉसम..."

"उगाच टांगलंस बिचाऱ्याला."

"आणि डेल्फियाला हे माहीत होतं?"

"शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, कधीच. मला तिनंच सांगितलं."

"मग ही पूड कुणाच्या झाडांना लावायची ती?"

ऑटीमावशीनं डबीचं झाकण लावलं आणि डबी त्याच्या हातात परत दिली. "ते मी सांगू शकत नाही."

"मावशी, ती जाऊन तीन वर्षं झाली."

"जागा तिची होती. सांगायची तर तिनं सांगायची."

"माझा गुडघा गेला, मावशी. एक डोंगर उरलाय माझा. तोही चढू म्हणता?"

म्हातारी बराच वेळ खिळ्यांच्या खोक्यातले खिळे सरळ करत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "मी काही सांगत नाहीये. नुसती आपली आठवण काढतेय. डेल्फिया पिशव्या भरून इथूनच जायची, पाणी प्यायला थांबायची. एवढ्या वर्षांत तिच्या बुटांना कधी चिखल पाहिला नाही मी."

बाहेर डोर्सी मोठ्यानं खोकला. ह्या खोऱ्यात दुजोरा असाच देतात.

वेटमन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. चिखल नाही, म्हणजे डोंगर नाही. चिखल नाही, म्हणजे रस्ता. आणि टर्की रनमध्ये डांबरी रस्ता एकच. तो ऑटीच्या दुकानावरून वर जातो आणि पाऊण तासाच्या चालीवर एका घरापाशी संपतो. ते घर नकाशावर काढलेल्या गोलाच्या आत होतं. वेटमननं तेवढा तुकडा मुद्दाम टाळला होता. त्या घरात आइसी राहायची. त्याची थोरली बहीण. तिच्याशी तो चौतीस वर्षांत एक शब्द बोललेला नव्हता.

भांडण कशावरून, ते सांगतो. आईचा बिडाचा तवा. आईला तिच्या आईकडून आलेला, तिला आणखी वरून. कोळशासारखा काळा, आरशासारखा गुळगुळीत. मक्याची भाकर टाकली की आपणहून सुटायची. आई गेल्यावर तवा आइसीला मिळायचा, असं आइसी म्हणायची. आई आपल्याकडे होती म्हणून तवा आपल्याकडे, असं वेटमन म्हणायचा. एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण मयताच्या जेवणानंतर, बाया दमल्या आहेत, आपण मदत करावी, अशी सद्बुद्धी वेटमनला झाली, आणि त्यानं तो तवा गरम पाण्यात बुडवून साबणानं आणि तारेच्या घासणीनं घासला. चकचकीत केला. शंभर वर्षांची तेलाची पुटं मोरीतून वाहून गेली. आइसी स्वयंपाकघरात आली, तवा पाहिला, आणि म्हणाली, "आईला दोनदा पुरलंस तू आज." तो म्हणाला, "मग राहू दे माझ्याकडे, तुला काय करायचाय आता." ती पर्स उचलून गेली. त्यानंतर चर्चमध्ये ती डाव्या बाकांवर बसते आणि तो उजव्या.

वेटमन घरी गेला. दाढी केली. पुन्हा बसला. दुपारी उठला, घरामागच्या राईत गेला आणि फुलांचा मोठा झुबका टोपीत भरून काठी टेकत वरच्या रस्त्याला लागला. ऑटीमावशीच्या दुकानावरून जाताना त्यानं बाकाकडे पाहिलं नाही. बाकानंही आकाशाकडे पाहिलं.

आइसी ओसरीत झुलत्या खुर्चीवर घेवड्याचं बियाणं निवडत बसली होती. शहात्तर वर्षांची, वाळक्या शेंगेसारखी, ताठ. तिनं मान वर केली.

"कोण पाहिजे?"

"ओळखत नाहीस?"

"ओळखते. म्हणूनच विचारतेय."

वेटमननं टोपी पुढं केली. त्याला काय बोलायचं ते रस्ताभर पाठ होतं, ते सगळं गेलं. "फुलं आणलीत," तो म्हणाला.

आइसीनं टोपीत डोकावून पाहिलं. "कच्ची आहेत सगळी. हा मधला गोळा हिरवा आहे बघ. तपकिरी होऊन भुसभुशीत झाला, की त्यातून पूड पडते. हिरव्याची काय चटणी करू?"

"मला काय ठाऊक."

"तुला काय ठाऊक होतं कधी?" ती म्हणाली, पण बियाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तीन वर्षं वाट बघतेय मी. म्हटलं, ह्या माणसाला कधी उजाडणार."

"तू सांगायचं होतंस."

"मी? जागा माझी नव्हती सांगायला."

"झाडं तुझ्या परड्यात आहेत, सिस." लहानपणीचं नाव त्याच्या तोंडून निसटलं.

"झाडं माझी. जागा डेल्फियाची," आइसी म्हणाली, आणि उठून घराच्या मागं चालू लागली. वेटमन तिच्या मागून निघाला.

मांस धुरवायच्या जुन्या खोपटाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठावर ती राई होती. त्याच्याच राईसारखी. मध्ये एक बुटकी तिवई होती. वेटमननं ती ओळखली. गिरणीतल्या ओकच्या तुकड्यांपासून त्यानंच डेल्फियाला करून दिली होती. शाळेतून कुणी पळवली, असं डेल्फिया सांगायची. त्यानं तिवईवर हात ठेवला आणि तसाच ओणवा राहिला. आइसी दुसरीकडे बघत बोलत राहिली, आणि ते तिनं चांगलं केलं.

"त्या वर्षीच्या सप्टेंबरात आली पहिल्यांदा. भांडणानंतर. म्हणाली, ते दोघं बोलत नसतील तर न बोलोत, मी काय पाप केलंय? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला कळलं तर? म्हणाली, कळणार नाही, मी पॉपॉला गेलेय म्हणून सांगेन, मग तो विचारणारच नाही. फळं कुठली, माझी झाडंसुद्धा गडीझाडंच होती तेव्हा. त्या पहिल्या वर्षी तिनं दुकानातून केळी नेली, चव जवळजवळ तीच, आणि तुला पुडिंग घातलं."

"मला कळलं नाही."

"तुला साखर घातली की काही कळत नाही. पुढच्या एप्रिलपासून ती तुझ्या झाडांची पूड डबीतून आणायला लागली. माझी झाडं फळांनी वाकली. मी तिला म्हटलं, अगं डेल्फिया, माझ्या झाडांची पूड घरी ने की, तुझ्याही राईला धरतील फळं. तर म्हणते कशी..." आइसी थांबली. तिला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. "म्हणते, मग मी सप्टेंबरात कुठं जाते म्हणून सांगू?"

ओढ्याचं पाणी वाजत राहिलं. वेटमन तिवईवर बसला. त्याला ते कातडी टांगायचे एप्रिल आठवले. वास मारायचा आणि डेल्फिया खिडकी लावून गाणं म्हणायची. तीस वर्षं बाईनं नाक मुठीत धरलं आणि तोंड उघडलं नाही.

"तव्याचं," तो म्हणाला.

"नाव काढू नकोस."

"साबण लावायला नको होता मी."

"नव्हताच लावायचा."

वेटमननं काठीच्या टोकानं माती उकरली.

"आता बरा आहे तो," वेटमन म्हणाला. "काळा झालाय पुन्हा. डेल्फियानं आणला मार्गावर."

"ठाऊक आहे मला. दोनदा आणून दाखवला तिनं. पिठाच्या पिशवीत घालून. जड होता म्हणून त्या दोन्ही वर्षी फळं कमी आली तुझ्याकडे."

त्या दिवशी काम काही झालं नाही, फुलं कच्ची होती. तीन दिवसांनी वेटमन पुन्हा गेला. ह्या वेळी फुलं पिकलेली होती, पण वाटेत ऑटीमावशीपाशी पाणी प्यायला थांबला आणि टोपी खाली ठेवली, ती डोर्सीच्या कुत्र्यानं हुंगून उलटी केली. तिसऱ्या खेपेला पूड डबीतून नीट पोचली. आइसीनं एकेक फूल दोन बोटांत धरायचं, वेटमननं ब्रश टेकवायचा.

"टेकव, रंगवू नकोस. कुंपण नाहीये ते."

"ब्रश नीट धरवत नाही मला."

"डेल्फियाचा हात फुलपाखरासारखा होता."

"डेल्फियाच्या हाताला पाच बोटं होती."

सगळं झाल्यावर आइसीनं आपल्या झाडांची पिकली फुलं त्याच डबीत झटकली आणि डबी त्याच्यापुढे धरली. "घे. आता तुझ्या राईला लाव. पुढच्या वर्षापासून घरच्या घरी."

वेटमननं डबीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. आइसीनं डबी ओढ्यात रिकामी केली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

सप्टेंबरात सतरा फळं तयार झाली. डेल्फियाच्या वेळच्या मानानं ही थट्टाच होती, आणि आइसीनं ती करून घेतली. वेटमन रोज जाऊन खोडं हळूच हलवायचा. पडेल ते पिकलेलं, राहील ते राहू द्यायचं. पहिलं फळ दोघांनी ओसरीत बसून चमच्यानं खाल्लं. वेटमननं दुसरा घास घेतला नाही.

"काय झालं?"

"हीच चव," तो म्हणाला.

"मग खा की."

"खातो. जरा थांब."

बिया आइसीनं मोजल्या नाहीत की धुतल्या नाहीत, तशाच गरासकट ओल्या शेवाळ्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात भरल्या. ह्या बीला कोरडं पडू दिलं की ते मेलं. वेटमन म्हणाला, मी ओल्या रुमालातून नेतो. ती म्हणाली, तुझ्यावर आणि ओल्या कामावर माझा विश्वास नाही, मी येते. आणि आली. चौतीस वर्षांनी भाऊ-बहीण एका रस्त्यानं खाली उतरताना दिसले, तेव्हा बाकावर डोर्सी टॅनर उठून उभा राहिला. ऑटीमावशी सांगते, तो आपणहून उभा राहिलेला तिनं तेवढा एकदाच पाहिला.

डेल्फियाच्या उशाशी त्यांनी बोटभर खोल बिया लावल्या, खारींनी उकरू नयेत म्हणून वर जाळी दाबली आणि हिवाळ्यावर सोडून दिल्या. गारठा खाल्ल्याशिवाय ते बी जागं होत नाही. पण एप्रिल गेला, मे गेला, जून संपला, तरी माती तशीच. वेटमन रोज सकाळी जाऊन उकिडवा बसायचा. पाद्री समजूत घालायला आले, त्यांना वाटलं शोक चाललाय. वेटमन म्हणाला, "शोक नाही, ह्या बिया मूळ आधी खाली सोडतात आणि मग डोकं वर काढतात. डेल्फियासारख्या आल्या आल्या बोलत नाहीत."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन अंकुर आले. टाचणीएवढे, वाकलेले, बीचं टरफल डोक्यावर घेऊन. वेटमनला झालेला आनंद अर्धा दिवस टिकला. दुपारी आइसी आली, आणि तिनं आकाशाकडे हात केला. उतारावर सावली नव्हती. पॉपॉ हे सावलीत जन्मणारं झाड. पहिली दोन वर्षं ऊन लागलं तर करपून जातं.

त्याच संध्याकाळी वेटमननं मासे धरायला नेतात ती मोठी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री आणून बायकोच्या उशाशी ठोकली. रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांना ती पहिली दिसली. पाद्रींच्या बायकोनं ओठ घट्ट मिटले. डोर्सीनं विचारलं, डेल्फिया समुद्रकाठी हवा खायला गेली आहे काय. ऑटीमावशी म्हणाली, बसलेल्यानं उभ्याची चेष्टा करू नये, आणि पाद्रींच्या बायकोला सांगितलं, सात घरांना तीस वर्षं पॉपॉ पोचले, त्यात एक घर तुमचंही होतं. छत्री राहिली.

पण छत्री एकदा ठोकून भागत नाही. सूर्य फिरतो, सावली सरकते. सकाळची पाळी वेटमनची, दुपारची आइसीची, असं ठरलं होतं. पण तो तिच्यावर भरवसा टाकत नव्हता आणि ती त्याच्यावर, त्यामुळे दोघंही दिवसभर तिथंच. आइसी घरून खुर्ची घेऊन आली. वेटमन ती ओकची तिवई घेऊन आला. उतारावरून त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत येतो.

"जरा पश्चिमेला कर."

"पश्चिमेलाच आहे."

"ती तुझी पश्चिम. सूर्य तिकडे मावळतो."

"सिस, मी ह्या गावात त्र्याहत्तर वर्षं सूर्य मावळताना बघतोय."

"आणि तीन वर्षं झाड शोधत होतास. कर म्हणते ना."

वेटमननं दांडा उपटला आणि हातभर पश्चिमेला नेऊन रोवला. तिन्ही रोपांवर सावली आली.